उलटी गिटार

उजव्या हाताच्या विळ्यानं धान कापताना डावखुऱ्या बाईला किती त्रास होतो, हे आपल्या गटांना सांगायला नको. आज आम्ही अशाच एका डावखुऱ्या बाईबद्दल बोलणार आहोत. नाव एलिझाबेथ कॉटन. जन्म १८९३ चा, अमेरिकेतला, काळ्या कष्टकरी कुटुंबातला.

लहानपणीच त्या लोकांच्या घरी कामाला लागल्या. साठवलेल्या पैशांतून पावणेचार डॉलरची गिटार घेतली. ती उजव्या हातानं वाजवणाऱ्यांसाठी बनलेली, म्हणून त्यांनी उलटी धरली. इतर लोक अंगठ्यानं जाड तारांवर ठेका धरतात आणि बोटांनी बारीक तारांवर चाल वाजवतात. यांच्या जाड तारा खाली आल्या. मग ठेका बोटांकडे गेला, चाल अंगठ्याकडे. कोणी शिकवलं नव्हतं. आज ही पद्धत त्यांच्याच नावानं ओळखली जाते.

आपल्या मूलवरून मालगाड्या जातात ना, तशा त्यांच्या घराजवळून जायच्या. त्यावर त्यांनी कोवळ्या वयातच ‘फ्रेट ट्रेन’, म्हणजे मालगाडी, हे गाणं रचलं.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली. चर्चमधल्यांनी असली गाणी सोडायला सांगितलं. गिटार कित्येक वर्षं बाजूला पडली. नंतर वॉशिंग्टनला एका दुकानात काम करताना त्यांनी हरवलेली एक मुलगी, पेगी, तिच्या आईकडे पोचवली. ते सीगर कुटुंब गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचं. त्यांच्याकडेच त्या घरकामाला राहिल्या आणि साठीच्या आसपास पुन्हा गिटार हाती घेतली.

पेगीनं ‘मालगाडी’ इंग्लंडला नेलं. १९५७ मध्ये ते तिथं गाजलं, पण दोघा पुरुषांनी आपल्या नावावर केलं! सीगर मंडळींनी खटपट केली, तेव्हा कुठे बाईंचं नाव लागलं.

१९५८ मध्ये त्यांची पहिली तबकडी निघाली. कार्यक्रमात त्या गाण्यांमागच्या गोष्टी सांगत, लोकांना सोबत गायला लावत. त्याच कमाईतून त्यांनी घर घेतलं. १९८५ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी, ग्रॅमी पुरस्कार मिळाला. १९८७ मध्ये त्या गेल्या.

आपली रोवणीची गाणी आता कोणीही मोबाईलवर भरून घेतं. भरू द्या, पण गाण्याआधी आपलं नाव आणि गाव मोठ्यानं सांगा. गाणं कोणाकडून शिकलात, तेही सांगा.

आता ऐकूया ‘मालगाडी’. बारीक तारांवरची चाल ऐका, तो त्यांचा अंगठा आहे.