प्राथमिक शाळेची संगीतिका



जिल्ह्याच्या तेराही तालुक्यांतून आलेल्या शिक्षकांच्या या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून मी एकाच विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे प्राथमिक शाळेतील मुलांनी स्वतः रचलेली, स्वतः गायिलेली आणि व्यवसायी कलावंतांच्या साहाय्याने रंगमंचावर आणलेली संगीतिका.

हा प्रकार आपल्या मातीला परका आहे, असे मानण्याचे कारण नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्या मुली भुलाबाईपुढे जी गाणी म्हणतात, त्यांत माहेरी जाण्याची परवानगी मागणारी सून सासरच्या एकेका माणसापुढे आपली दरखास्त नेते, प्रत्येक जण तिला पुढच्याकडे पाठवतो, आणि हा सारा संवाद सुरांतूनच चालतो. पात्र, प्रसंग आणि गायन यांचा असा एकजीव मेळ म्हणजेच संगीतिकेचे बीज होय. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यांनीही साकी, दिंडी, ओवी या लोकांच्या कानी रुळलेल्या चालींचाच आश्रय केला होता.

मुलांना घेऊन असा प्रयोग परदेशातही झाला आहे. १९५८ साली इंग्लंडातील ऑरफर्ड गावच्या चर्चमध्ये संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांची बायबलमधील नोआच्या जलप्रलयावरील संगीतिका सादर झाली. नोआ आणि त्याची पत्नी यांच्या भूमिका व्यवसायी गायकांकडे होत्या, तर नौकेत शिरणारे पशुपक्षी आणि बहुतेक वादक ही शाळकरी मुले होती. नवशिक्या व्हायोलिनवादकांसाठी ब्रिटन यांनी मोकळ्या तारांवर वाजवता येतील असे स्वर लिहिले, आणि पावसाचे पहिले थेंब दोरीला टांगलेल्या पेल्यांवर आघात करून ऐकविले. मुलाच्या अंगी आज जेवढी शक्ती आहे, तेवढ्या शक्तीलाच कलाकृतीत मानाचे स्थान देण्याची ही दृष्टी अनुकरणीय आहे. तथापि तेथेही रचनाकर्ता प्रौढच होता. त्यापुढचे पाऊल आपल्याच महाराष्ट्रात पडले. बालनाट्यासाठी आयुष्य वेचणारे रत्नाकर मतकरी यांनी ठाण्यात समता विचार प्रसारक संस्थेच्या सहकार्याने ‘वंचितांचा रंगमंच’ उभा केला, आणि वस्त्यांतील मुलांनी आपल्या जगण्यातील प्रश्नांवर स्वतःच नाटके रचून ती अनुभवी रंगकर्मींच्या मार्गदर्शनाखाली सादर केली.

आपल्या जिल्ह्यात विषयांची वाण नाही. लोणारचे सरोवर घ्या. विष्णूने लोणासुराचा वध केल्याची कथा आणि दैत्यसूदनाचे मंदिर एका बाजूस, तर २०२० च्या जून महिन्यात खाऱ्या पाण्यातील सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालेले तेच सरोवर दुसऱ्या बाजूस. चौथीच्या वर्गापुढे एवढे ठेवले, तर असुराने काय गावे आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाने कोणत्या सुरात उत्तर द्यावे, याचा निर्णय मुले निःशंकपणे करतील. त्यांची वाक्ये शिक्षकाने टिपून घ्यावीत, चाल मुलांच्या गुणगुणण्यातून निघावी, गोंधळी, भजनी मंडळी आणि संगीतशिक्षक यांनी तिला ठेका व आधार द्यावा, नेपथ्यकाराने मुलांच्या चित्रांतून देखावा उभारावा. मात्र शब्द बदलण्याचा अखत्यार मुलांकडेच राहावा. व्यवसायी कलावंताची खरी कसोटी येथेच लागते, कारण स्वतःचे कौशल्य दुसऱ्याच्या कल्पनेच्या सेवेत रुजू करणे हे स्वतः नाटक लिहिण्याहून अवघड आहे. अशा कामात भाषा, गणित, चित्रकला आणि परस्परांचे ऐकून घेण्याची शिस्त ही सारी अभ्यासाची अंगे आपोआप एकत्र येतात. आणि ज्या मुलाने केवळ हजेरीपुरते तोंड उघडले, त्याचेही वाक्य सर्व वर्गाला गावे लागते.

म्हणून माझी या संमेलनास आग्रहाची विनंती आहे की, प्रत्येक तालुक्यातील निदान एका जिल्हा परिषद शाळेत येत्या वर्षी अशी संगीतिका व्हावी, तिच्यासाठी वेळापत्रकात नियमित तासिका असावी आणि स्थानिक कलावंतांना मानधनाची तरतूद व्हावी, असा ठराव आपण आज मंजूर करावा. बालकांना श्रोते करणे आपल्याला साधले आहे. आता त्यांना कर्तेपण देण्याची जबाबदारी आपण सर्वांनी स्वीकारावी.