हायब्रिड, डिझेल आणि करूळचा घाट

(वैभववाडीत, मे महिन्यात गावी आलेल्या पोरांच्या बैठकीत केलेलं भाषण.)



मी मुंबईला गोदीत माल उचलतो. कविता करतो ती रात्री. मॅट्रिक झालो, पुढं शिकलो नाही. तेव्हा इंजिनावर बोलणारा हा कोण टिकोजीराव, असं कुणाला वाटलं तर खुशाल वाटू दे. इंजिन बनवणाऱ्याला त्याची ताकद ठाऊक असते. त्याच्या नळीतून काय बाहेर पडतं ते नळीमागं उभा राहणाऱ्यालाच ठाऊक. मी नळीमागं उभा असतो. पाळीचे आठ तास.

विषय तुम्हीच दिलात. डिझेलचा ट्रक वाईट, मग हायब्रिड चांगला का? हायब्रिड म्हटलं की आमच्या टोळीतल्या बीड-सोलापूरच्या गड्यांना ज्वारी आठवते. पोट भरणारी, पण बेचव. हा ट्रकही तसला संकरच. डिझेलचं इंजिन आहेच, जोडीला विजेची मोटार आणि बॅटरी. ब्रेक लावला की चाकंच मोटारीला फिरवतात, वीज होते, ती बॅटरीत जाते. सुटताना तीच वीज गाडीला ढकलते. गाडी थांबली की इंजिन बंद. म्हणजे जिथं घडोघडी थांबायचं नि सुटायचं, तिथं ह्याचा फायदा. जपानात हिनो कंपनीनं 2003 मध्ये असला छोटा ट्रक रस्त्यावर आणला. मुंबईत 2018 मध्ये एमएमआरडीएनं वांद्रे-कुर्ला संकुलासाठी टाटाच्या 25 हायब्रिड बसगाड्या घेतल्या. पण मोकळ्या हायवेवर सरळ पळणाऱ्या ट्रकाला ब्रेकच कमी, तर वीज कुठून मिळणार? वर बॅटरीचं ओझं वाहायचं. गोदीत मी आजवर एकही जड हायब्रिड ट्रक पाहिलेला नाही. म्हणजे ज्याची निवड करा म्हणतात तो आपल्या दारात आलेलाच नाही.

गेटाबाहेर मात्र रांग असते. चार-चार तास. इंजिन चालू. उभा जड ट्रक तासाला दोनेक लिटर डिझेल नुसतं बसून खातो. चार तासांचे आठ लिटर. एक लिटर डिझेल जळलं की 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे एक ट्रक जागेवरून न हलता 21 किलो ओकतो. इथं हायब्रिड आपोआप बंद पडला असता, खरंय. पण किल्ली फिरवली की डिझेलचाही बंद पडतो की! ड्रायव्हर का फिरवत नाही? मी विचारलं. तो म्हणाला, रांग दहा फूट सरकते, मग थांबते, पुन्हा सरकते. नंबर गेला तर शेठ पगार कापतो. बंद केली आणि सुरूच झाली नाही तर ढकलणार कोण, तू? ह्या धुराला इंजिनाइतकीच रांगही जबाबदार आहे. आणि रांग लावणारे एसीत बसलेत.

आता घरचं सांगतो. आमचं घर रस्त्याच्या खालच्या अंगाला. भरलेला ट्रक घाटाकडं निघाला की बाबा ओरडायचे, "मेल्या, खिडकी लाव, ट्रक चढता हा!" खिडकीला दार एकच, दुसरं मोडकं. बाबा घाटात डांबराच्या कामावर होते. ट्रक पहिल्या गियरमध्ये कण्हत जायचा आणि ह्यांनी खडीची पाटी घेऊन कडेला उभं राहायचं. आज खोकतात. दवाखान्यात पहिला प्रश्न, "विडी किती ओढता?" बाबांनी जन्मात विडी ओढली नाही. 2012 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं डिझेलच्या धुराला माणसाला कर्करोग देणाऱ्यांच्या पहिल्या गटात घातलं. तंबाखूचा धूरही त्याच गटात. पण डॉक्टर विडीचंच विचारतो.

करूळचा घाट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून हिशेब तिथलाच मांडतो. 28 टनांचा ट्रक 500 मीटर खाली उतरला तर त्याच्या वजनातून सुमारे 38 युनिट वीज होण्याइतकी ताकद सुटते. आज ती सगळी इंजिनात नि ब्रेकमध्ये जळते. उतारावर लायनरचा जळका वास येतो ना, तोच हा. निम्मी जरी पकडली तरी 19 युनिट, म्हणजे साडेचार-पाच लिटर डिझेलचं काम. ऐकायला झकास! पण हायब्रिडची बॅटरी असते छोटी, चार-दोन युनिटांची. पहिल्या काही वळणांतच भरते. पुढचा घाट पुन्हा ब्रेकवरच. सगळा उतार प्यायचा तर मोठ्या बॅटरीचा, पूर्ण विजेचा ट्रक पाहिजे.

आणि माल कुठल्या दिशेनं जातो? आपल्याकडचा ऊस गगनबावड्याच्या कारखान्याला वर जातो. कासार्ड्याकडची सिलिका वाळू घाटावर जाते. त्या गाड्या भरून चढतात आणि बऱ्याचदा रिकाम्या उतरतात. रिकाम्या गाडीच्या उतरण्यातून मिळणार काय? धूर तर भरून चढतानाच निघतो. आणि पीयूसी काढतात कशी? ट्रक रिकामा, जागेवर उभा करून! एकदा तपासणीवाल्यानं करूळच्या तिसऱ्या वळणावर उभं राहून बघावं.

एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल ट्रकाला काजळी धरणारा फिल्टर असतो, युरियाचं पाणी घालायची वेगळी टाकी असते. तो धड असला तर जुन्या ट्रकापेक्षा कितीतरी कमी काजळी सोडतो. एक नीट ठेवलेला बीएस-6 डिझेल ट्रक हा पंधरा-वीस वर्षांच्या खटाऱ्यापुढं देवमाणूस. पण हळूहळू रांगेत सरकणाऱ्या गाडीत तो फिल्टर पुरेसा तापत नाही, चोंदतो. बदलायचा खर्च मोठा. ओळखीचा ड्रायव्हर सांगतो, काही मालक तो काढूनच टाकतात. नवी गाडी मोठ्या कंपनीकडं जाते. जुनी हात बदलत बदलत खाली येते, कर्ज काढून ट्रक घेणाऱ्याकडं, खडीच्या धंद्यात, घाटात. म्हणजे आपल्या दारात. हे काही योगायोगानं होत नाही. गावाची रचना आठवा. वारा कुठून कुठं वाहतो ते बघून वाड्या बसवलेल्या आहेत.

2025 मध्ये न्हावा शेवा बंदरात विजेच्या ट्रकांचा ताफा उतरवला. चांगली गोष्ट, मी नाकं मुरडणार नाही. गेटावर उभ्या असलेल्या माझ्या भावाच्या छातीत तेवढी काजळी कमी जाईल. पण ती वीज अजून मुख्यतः कोळशाची. देशात एका युनिटमागं साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. नाकापुढचा धूर गेला तो चंद्रपूरच्या चिमणीतून निघाला. काही बॅटऱ्यांना कोबाल्ट लागतं, ते काँगोतून येतं, आणि तिथं पोरं हातानं खणतात. त्यांची मजुरी कुठल्या वाऱ्याच्या दिशेला बसते, तुम्हीच बघा.

मग मी कशाच्या बाजूचा? रुळाच्या. 1999 पासून कोकण रेल्वे भरलेले ट्रक वॅगनवर चढवून नेते, कोलाडहून वेर्ण्याला. वैभववाडीवरनंच ती गाडी जाते, लहानपणी आम्ही ट्रक मोजायचो. रस्त्यानं गेला असता तर चारशे किलोमीटरला, लिटरला चार किलोमीटर धरले तर, 100 लिटर डिझेल, 268 किलो. 2022 पासून सगळा मार्ग विजेवर आहे. कोळशाचीच वीज धरली तरी रुळावर टनामागं फार कमी ताकद लागते. आणि वैभववाडी-कोल्हापूर लाईन? 2016-17 च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर, शंभरेक किलोमीटर. कागदावर धावते. ऊस नि वाळू अजून पहिल्या गियरमध्ये कण्हत चढतायत. 2024 मध्ये घाट दुरुस्तीला बंद पडला तेव्हा आमच्या खिडकीपुढचा धूर थांबला. तो दुसऱ्या घाटांच्या खिडक्यांवर गेला.

भाषणं पुरे. उद्या पहाटे सहाला मी करूळच्या नाक्याजवळ वही घेऊन बसणार आहे. किती ट्रक भरून चढले, किती रिकामे उतरले, किती काळा धूर सोडतात, आणि त्या वेळी कडेला कोण काम करत होतं, एवढं लिहायचं. संध्याकाळपर्यंत. ज्याला यायचं त्यानं यावं, तोंडाला ओला रुमाल आणावा. चहा माझा.