हिरवा ठिपका आणि ‘शुद्ध’ नावाचा शब्द

आजचा एपिसोड कोडिंगवर नाहीये. मागे एकीने विचारलं होतं, “तुझ्या सीव्हीवर ‘शाकाहारी मासिक, इंटर्न’ असं काय लिहिलंय? तू तर सॉफ्टवेअरवाली ना?” तर आज त्याबद्दलच बोलू.

साल २०१९. बीटेक संपलं होतं, कंपनीचं जॉइनिंग चार महिने पुढे गेलं होतं, आणि पुण्यातलं रूमचं भाडं मात्र एक दिवस पुढे जात नव्हतं. नारायण पेठेतल्या एका छोट्या मासिकाला वेबसाइट बघायला कुणीतरी हवं होतं. शाकाहारी जीवनशैलीचं मासिक. रेसिपी, आरोग्य, प्राण्यांविषयी थोडं आणि जाहिराती भरपूर. नाव सांगत नाही, कारण पाचच जण होते, लगेच ओळखू येतील.

आता मी कोल्हापूरची. आमच्याकडे रविवार म्हणजे तांबडा-पांढरा. मुलाखतीतच सांगून टाकलं. संपादकांना सगळे ताई म्हणायचे. त्या म्हणाल्या, “तू घरी काय जेवतेस ते मी विचारलंच नाही. बारीक अक्षरं वाचायचा कंटाळा नाही ना?”

मला वाटलं प्रूफं तपासायची असतील. नाही. बारीक अक्षरं म्हणजे पाकिटाच्या मागची.

वाचक पत्रं पाठवायचे: हे बिस्किट चालेल का, ही गोळी चालेल का, हे चीज चालेल का? उत्तरं शोधायचं काम माझ्याकडे आलं. आणि मला कळलं की आपण ज्याला नुसता हिरवा ठिपका म्हणतो, त्यामागे अख्खी व्याख्या आहे. हा ठिपका आपल्याकडे २००१ च्या अधिसूचनेने आला. प्राण्याचा कुठलाही भाग किंवा प्राण्यापासून आलेला घटक असेल तर पदार्थ मांसाहारी. अंडंसुद्धा. पण दूध, दुधाचे पदार्थ आणि मध यांना सूट. चॉकलेटच्या गोळ्यांना चकाकी देणारी लाख, म्हणजे शेलॅक, तीही किड्यांपासूनच येते, पण तिलाही सूट. म्हणजे हिरवा ठिपका असला तरी व्हेगन माणसाला पाकीट उलटं करावंच लागतं.

मग नंबर. आयएनएस १२० म्हणजे कारमाइन, कोचिनील नावाच्या किड्यापासून काढलेला लाल रंग. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यापासून येतं, औषधांच्या कॅप्सूलमध्येही असतं. इटलीतलं मूळ पार्मेजान चीज वासराच्या जठरातलं रेनेट घालून बनतं. व्हिटॅमिन डी-३ बऱ्याचदा मेंढीच्या लोकरीवरच्या चरबीपासून काढतात.

आणि मग व्हॉट्सअ‍ॅप! एका काकूंनी फॉरवर्ड पाठवला: चिप्समध्ये ६३१ नंबर असतो, म्हणजे डुकराची चरबी, सगळ्यांना कळवा. खरी गोष्ट अशी की ६३१ हा चव वाढवणारा पदार्थ. तो मांस-मासळीपासून बनवता येतो, तसाच स्टार्च आंबवूनही बनवता येतो. नुसत्या नंबरवरून काहीच ठरत नाही. पाकिटावरचा ठिपका बघायचा, तरी शंका असेल तर कंपनीला लिहून विचारायचं.

मी इंजिनियर, त्यामुळे लगेच शीट बनवलं. तीन रकाने: हो, नाही, माहीत नाही. कंपनीचं लेखी उत्तर येईपर्यंत पदार्थ तिसऱ्या रकान्यात. ताईंना तो तिसरा रकानाच सगळ्यात आवडला. म्हणाल्या, “हे छापायला धाडस लागतं गं. लोकांना हो किंवा नाहीच हवं असतं.”

ताईंच्या टेबलावर ‘कम्पॅशनेट फ्रेंड’चे जुने अंक असायचे. ‘ब्यूटी विदाउट क्रुएल्टी’ या संस्थेचं हे त्रैमासिक. संस्था १९७४ पासूनची, मुख्यालय आपल्या पुण्यातच. पाकिटांवर शाकाहारी-मांसाहारी खूण यावी म्हणून ज्यांनी पाठपुरावा केला, त्यांत ही मंडळी होती. मिठाईवरच्या चांदीच्या वर्खाचंही तसंच. पारंपरिक पद्धतीत चांदी जनावरांच्या आतड्यांच्या पानांमध्ये ठेवून कुटायचे. काजूकतलीवर चांदी दिसते, आतडं दिसत नाही. २०१६ मध्ये एफएसएसएआयने वर्ख बनवताना प्राणिज वस्तू वापरायच्या नाहीत असा नियम काढला. त्याच्याआधी कितीतरी वर्षं कुणीतरी पत्रं लिहीत बसलं होतं.

अजून एक गंमत. आमच्या डीटीपीवाल्या दादांना रंग नीट ओळखू यायचे नाहीत. तेव्हा दोन्ही खुणा गोलच होत्या, हिरवा गोल आणि तपकिरी गोल. दादांना दोन्ही सारखेच दिसायचे! नुसत्या रंगावर माहिती सोडायची नाही हे आम्हाला वेब डिझाइनमध्ये पहिल्यांदा शिकवतात. २०२० च्या लेबलिंग नियमांत मांसाहारी खूण त्रिकोणी झाली, तेव्हा मी दादांना लगेच फोन केला.

आता मुद्द्याचं. दिवाळी अंकात पुण्यातल्या हॉटेलांची यादी जाणार होती. मथळा होता, ‘शुद्ध शाकाहारी ठिकाणं’. मी ताईंना विचारलं, “शाकाहारी मी तपासू शकते. स्वयंपाकघरात काय येतं ते विचारेन, बघेन. पण ‘शुद्ध’ कुठल्या रकान्यात टाकू?”

खोली शांत. जाहिराती बघणारे काका म्हणाले, “अगं, पाट्यांवर तसंच लिहितात सगळे.” खरंच होतं ते. पण मी त्याच महिन्यात रूम शोधत होते. फोनवर पहिला प्रश्न भाड्याचा नसायचा. “शुद्ध शाकाहारी ना?” हा असायचा. आणि त्यानंतर आडनाव. तिथे कुणी पाकीट वाचत नव्हतं, माणूस वाचत होते.

माझे आजोबा माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, आयुष्यभर मांसाला हात नाही. रविवारी आम्ही रस्सा ओरपायचो, ते शेजारी पिठलं-भाकरी खायचे. विचारलं तर एवढंच म्हणायचे, “मी खात नाही.” आम्ही अशुद्ध आहोत असं त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

ताईंनी दोन दिवस घेतले. मग ठरलं: हॉटेलच्या नावात ‘शुद्ध’ असेल तर नाव तसंच छापायचं, आपल्या वाक्यात मात्र फक्त ‘शाकाहारी’. एका जाहिरातदाराने रागावून अर्धं पान काढून घेतलं. पाच माणसांच्या मासिकाला अर्धं पान म्हणजे काय ते बाहेरून नाही कळायचं. ताई हिशेबाच्या वहीकडे बघत राहिल्या, पण मथळा बदलला नाही.

२०२४ च्या मार्चमध्ये झोमॅटोने ‘प्युअर व्हेज’ सेवेसाठी हिरव्या गणवेशातले वेगळे रायडर आणले आणि टीका झाल्यावर दुसऱ्याच दिवशी तो हिरवा गणवेश मागे घेतला. भीती हीच होती की सोसायटीच्या गेटवर लाल शर्टवाल्याला अडवतील. डब्यावरची खूण माणसाच्या अंगावर आली की असंच होतं.

मी अजूनही मटण खाते. पण कुणी शाकाहारी पाहुणा घरी येणार असेल तर प्रत्येक पाकीट उलटं करून वाचते. त्याने “मी खात नाही” म्हटलंय, तेवढं मला पुरतं.

तर मंडळी, या आठवड्याचा होमवर्क. स्वयंपाकघरातली तीन पाकिटं उलटी करा आणि सगळं वाचून काढा. ‘माहीत नाही’च्या रकान्यात काय काय पडलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर, नीट जेवा!