कारण : स्वसंरक्षण



1 ऑक्टोबर 2024 ची पहाट. अभिनेते गोविंदा कोलकात्याला निघायच्या गडबडीत होते. जुहूच्या घरी त्यांच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्याच पायात शिरली. शस्त्रक्रिया झाली, चौथ्या दिवशी ते घरी गेले. लोकांनी त्यावर भरपूर विनोद केले. मला हसू आलं नाही, कारण अशी रिव्हॉल्व्हरं मी कागदावर पुष्कळ पाहिली आहेत.

नोकरीतली चार वर्षं मी एका जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत काढली. शस्त्रपरवान्यांचं टेबल माझ्याकडे होतं. सराफ यायचे, पेट्रोल पंपवाले यायचे, वाळूचे ठेकेदार यायचे आणि नुकतेच पुढारी झालेले तरुणही यायचे. शस्त्र कशासाठी हवं, यापुढे बहुतेकांचा एकच शब्द असायचा: स्वसंरक्षण. कुणापासून, असं विचारलं की माणूस चाचपडायचा. नूतनीकरणाच्या वेळी काडतुसांचा हिशेब यायचा. खरेदी पंचवीस, शिल्लक पंचवीस. एकदा एकाचा आकडा तीनने कमी भरला. मला वाटलं, चला, कुणावर तरी खरोखर प्रसंग आला. चौकशी केली, तर पुतण्याच्या वरातीत हवेत बार काढलेले. (2019 च्या दुरुस्तीनंतर अशा आनंदाला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तेव्हा नुसती कानउघाडणी झाली.)

आता प्रश्न असा, की कमरेला पिस्तूल असेल तर सामान्य माणूस चोरापासून, खंडणीखोरापासून वाचतो का? माझं मत विचाराल तर फार क्वचित. कारण साधं आहे. गुन्ह्याची वेळ गुन्हेगार ठरवतो. सराफ रात्री दुकान बंद करून दागिन्यांची पिशवी स्कूटरला अडकवून निघतो. मागून दोघे मोटारसायकलवर येतात. पिस्तूल नियमाप्रमाणे झाकलेलं, शर्टाखाली. ब्रेक दाबायचा, स्कूटर सावरायची, शर्ट वर करायचा, खटका काढायचा, तोवर ते दोघे पुढच्या चौकात. आणि त्यांनी आधीच कानशिलाला काही लावलं असेल, तर पिशवीबरोबर पिस्तूलही गेलं. 2016 च्या नियमांनी परवान्याआधी प्रशिक्षण सक्तीचं केलं, ते चांगलंच झालं. पण अंधारात मागून आलेल्या माणसासाठी कुठलं प्रशिक्षण पुरायचं?

मग माणसं पिस्तूल घेतात तरी कशाला? बीडकडे पाहा. डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची अपहरण करून हत्या झाली आणि त्यानंतर जिल्ह्यातल्या बंदुकांचा विषय राज्यभर गाजला. हजाराहून अधिक परवाने निघाले. हवेत गोळीबाराचे व्हिडिओ आणि पिस्तूल नाचवत काढलेले रील घरोघर मोबाइलवर फिरले. पुढे प्रशासनाने शंभराहून अधिक परवाने रद्द केले. यातल्या एका गोष्टीबद्दल फारसं कुणी बोललं नाही. ती हत्या गोळीने झालीच नव्हती, अमानुष मारहाणीने झाली होती. एवढी शस्त्रं असलेल्या जिल्ह्यात एक सरपंच भर दिवसा उचलला गेला. त्या रीलमधली पिस्तुलं जिवासाठी नव्हती, वजनासाठी होती. गावात चार माणसांनी वाट सोडावी म्हणून.

आणि रक्षणासाठी ठेवलेलं शस्त्र कुणाच्या हाती जाईल, हे परवान्यावर लिहिता येत नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये दहिसरला एका माजी नगरसेवकावर समोरासमोर गोळ्या झाडल्या गेल्या, तेही समाजमाध्यमावर थेट प्रक्षेपण चालू असताना. पोलिसांच्या सांगण्याप्रमाणे ते पिस्तूल मारणाऱ्याच्या अंगरक्षकाचं होतं. मारणाऱ्याने मग स्वतःलाही संपवलं.

शस्त्राने माणूस वाचतो की मरतो, हा हिशेब सर्वात जास्त मांडला गेलाय तो अमेरिकेत, कारण तिथे घरोघरी बंदुका आहेत. 1998 साली जॉन लॉट या अर्थतज्ज्ञाने पुस्तक लिहून सांगितलं, की लोक शस्त्र बाळगू लागले की गुन्हे घटतात. 2004 मध्ये तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने पुरावा तपासला आणि तो निष्कर्ष काढण्याइतका भक्कम नाही असं म्हटलं. त्याहून मला महत्त्वाचा वाटतो 2022 मधला कॅलिफोर्नियाचा अभ्यास. पावणेदोन कोटींच्या आसपास प्रौढ माणसांच्या नोंदी तपासल्या. स्वतःकडे शस्त्र नाही, पण घरातल्या दुसऱ्या कुणाकडे पिस्तूल आहे, अशा लोकांचा खून होण्याचं प्रमाण बिनपिस्तुलाच्या घरातल्यांपेक्षा दुपटीहून जास्त निघालं. नवरा, बायको किंवा जोडीदाराच्या गोळीने मरण्याचं प्रमाण सातपट, आणि त्यात बळी मुख्यतः बायका. 2021 मध्ये त्या देशात 48,830 माणसं गोळीने मेली. त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. बाहेरच्या चोरासाठी आणलेली वस्तू घरातल्याच माणसावर चालते, ती अशी.

आपल्याकडेही शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला गेला होता बरं का. इंग्रजांच्या 1878 च्या कायद्याने हिंदी माणसाला निःशस्त्र केलं, याचा राग काँग्रेसला होता. 1931 च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क, अटींसह का होईना, आला होता. डिसेंबर 1948 मध्ये हरी विष्णू कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती घटना समितीत मांडली. डॉ. आंबेडकरांनी विरोध केला आणि दुरुस्ती फेटाळली गेली. मला ते शहाणपणाचं वाटतं.

माझ्या टेबलावरचे एकाच प्रकारचे अर्ज मला पटायचे, ते शेतकऱ्यांचे. रानडुक्कर एका रात्रीत भात लोळवतं, माकडं नारळीवर काही ठेवत नाहीत. कोकणातल्या शेतकऱ्याला शेतीसंरक्षणाची बंदूक लागते. निवडणूक आली की तीही ठाण्यात जमा करा, म्हणून तो ओरडतो आणि त्याचं ओरडणं रास्त आहे. त्याचा शत्रू ठरलेला आहे आणि वेळही ठरलेली आहे.

बाकीच्यांबद्दल एक आठवण. असंच निवडणुकीत पिस्तूल जमा करून आलेले एक सराफ माझ्यासमोर बसून म्हणाले, ‘‘साहेब, आता महिनाभर झोप लागेल. धाकट्याला कपाटाची किल्ली सापडलीय.’’

तर श्रोतेहो, ज्यांच्या घरी शस्त्र आहे त्यांना एवढंच सांगतो. काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. घरात कुणी दारूच्या आहारी गेलं असेल, कुणी खचलं असेल, भावकीत वाद पेटला असेल, तर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे ठेवायला देऊन या. त्यासाठी निवडणुकीची वाट पाहावी लागत नाही. पावती मात्र आठवणीने घ्या.