मंगलागौरीचे बिऱ्हाड
(मंडळाच्या सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



कार्यवाहांनी आम्हांस ‘प्रवासातील अनुभव’ हा विषय दिला आहे. सरकारी बदल्यांच्या निमित्ताने आम्ही बराच देश पाहिला. परंतु आज एकाच मुक्कामाविषयी बोलावयाचे आहे. २०२३ सालच्या हिवाळ्यात आम्ही उभयतां आणि आमच्या मातोश्री, म्हणजे माई, यांनी काशीच्या मंगलागौरी भागात महिनाभर बिऱ्हाड केले, त्याविषयी.

युरोपातील निवृत्त मंडळी थंडी पडली की चाकांवरची घरे घेऊन स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर जातात आणि समुद्रकाठच्या एखाद्या लहान गावी उन्हात दोन-तीन महिने काढतात. आपल्याकडील वृद्ध मंडळींचे शास्त्र उलटे! पौषी पौर्णिमेपासून माघी पौर्णिमेपर्यंत प्रयागच्या वाळवंटात राहुटीत राहावयाचे, जमिनीवर निजावयाचे, एकभुक्त राहून पहाटे गंगेच्या गार पाण्यात बुडी मारावयाची. याचे नाव कल्पवास. माईंचा हट्ट या कल्पवासाचा होता. वय एक्क्याऐंशी, छाती कफाची. आमचा धीर होईना. अखेर तडजोड निघाली: महिना तोच, नदी तीच, परंतु डोक्यावर छप्पर असावे. रजेच्या अर्जावर ‘मातोश्रींचा नदीकाठी मुक्काम’ हे कारण लिहिले, तेव्हा कचेरीत थोडी करमणूक झाली, ती सोडून देऊ.

छप्पर मिळाले पंचगंगा घाटावरील एका बोळात, एका मराठी कुटुंबाच्या जुन्या वाड्यात. एक खोली, एक शेगडी, चार भांडी आणि घरून नेलेले मेतकूट. या भागात मराठी माणसास परके वाटण्याचे कारण नाही. पैठणहून आलेल्या भट्ट घराण्याने काशीत पिढ्यान्‌पिढ्या शास्त्राध्ययन चालविले. त्याच घराण्यातील गागाभट्ट १६७४ साली रायगडावर गेले. एकनाथमहाराजांचे भागवत १५७३ साली काशीतच पूर्ण झाले. शेजारच्या बालाजी मंदिरात बिस्मिल्ला खाँसाहेबांनी सनईचा रियाज केला. हे सारे आम्ही वाचून गेलो होतो. राहिल्यावर कळले ते निराळे: धुके इतके दाट, की नाव दिसण्याआधी वल्ह्याचा आवाज ऐकू येई, उत्तरेकडून आलेले कुरव पक्षी पाण्यावर थव्याने उतरत, आणि दवात ठेवलेल्या दुधाचा फेस, ज्याला तेथे मलइयो म्हणतात, तो ऊन चढण्यापूर्वी खाऊन टाकावा लागे.

घरमालकीणबाईंना आम्ही काकू म्हणत असू. त्यांचे मराठी गोड, परंतु बनारसी वळणाचे. “माई, थंडी फार आहे, जरा आंच घ्या,” असे म्हणून त्या निखाऱ्यांची शेगडी पुढे सरकवीत. त्यांची मुले घरात मराठी बोलत. नातवंडांना समजे, पण उत्तर हिंदीत येई. आपल्या घरी काय चालते, ते आम्ही येथे विचारणार नाही. पौर्णिमेच्या दुसऱ्याच दिवशी काकू आणि माई यांचा वाद झाला. तिकडे माघ लागला, आपल्याकडे पौष वद्य प्रतिपदा! आपला अर्धा महिना बुडाला, असे माईंना वाटले. काकूंनी त्यांना भिंतीपाशी नेले. सोलापूरचे दाते पंचांग आणि काशीचे हृषीकेश पंचांग एकाच खिळ्याला टांगलेले होते.

घाटाच्या पायऱ्या चढून वर आले की मंगलागौरीचे देऊळ. तेथेच गभस्तीश्वर आणि मयूखादित्य. सूर्याने येथे तप केले, तेव्हा त्याचे अंग दिसेना, केवळ किरणे दिसत राहिली, म्हणून तो मयूखादित्य, असे काशीखंड सांगते. आम्ही रोज आत जात असू. माई मात्र बाहेरच्या पायरीवर बसत. गुडघे दुखत असतील, असे आम्ही समजलो. तीन आठवड्यांनी त्या आमच्या पत्नीस म्हणाल्या, “लग्नानंतर पाच वर्षे मंगळागौर पुजली. सोळा पत्री वाहिल्या, रात्री जागवल्या. मागितलं ते एकच. ते काही तिनं ठेवलं नाही. आता मी कोणत्या तोंडानं आत जाऊ, आणि तिनं तरी कोणत्या तोंडानं माझ्याकडे बघावं?”

आमचे वडील जाऊन तेव्हा एकोणीस वर्षे झाली होती. दरवर्षी संक्रांतीनंतर आमच्या घरी हळदीकुंकू होई, आणि त्या दिवशी माई आपण होऊन आतल्या खोलीत जाऊन बसत. आम्हांस ते कधी खटकले नाही, हे आज आपल्यापुढे कबूल करतो.

२८ जानेवारीस रथसप्तमी होती. काकूंनी चौकात हळदीकुंकू मांडले. गल्लीतल्या मराठी बायका आल्या, शेजारच्या बंगाली आल्या. माई उठून आत जाऊ लागल्या, तोच काकूंनी त्यांचा हात धरला. “बसा माई. माझे यजमान जाऊन अकरा वर्षं झाली. मी आत बसले असते, तर या वाड्यात मराठी बायका जमल्या कधी असत्या? बोलावणार कोण होतं?”

काकू स्वतः विधवा आहेत, हे महिनाभर त्यांच्या घरात राहून आमच्या ध्यानी आले नव्हते. माईंनी हळद लावून घेतली. कुंकवाला “नको” म्हणाल्या, आणि काकूंनी आग्रह केला नाही.

पुढच्या मंगळवारी माई देवळात गेल्या, एकट्याच. बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा पदरात एक झेंडू होता. आम्ही काही विचारले नाही.

माघी पौर्णिमेचे स्नान ५ फेब्रुवारीस झाले आणि बिऱ्हाड हलले. निघताना काकूंना मेतकुटाचा उरलेला डबा दिला. पुढल्या संक्रांतीस आमच्या घरी ज्या भगिनी आल्या होत्या, त्यांना स्मरत असेल: तिळगुळाचे ताट माईंच्या हाती होते.