घरची सुई आणि ईदची भेट
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ईदच्या भेटवस्तू आणि सजावट घरच्या घरी शिवून-विणून कशी करावी, असा विषय मला दिलेला आहे. फलकावर विषय वाचून काही पालकांनी गालात हसून घेतले हे मी पाहिले. शिवणकामावर बोलायचे तर एखाद्या शिक्षिकाबाईंनी बोलावे, या मास्तरांचे इथे काय काम, असे त्यांना वाटले असावे. तेव्हा आधी तेवढेच निस्तरतो.

आपल्या किनाऱ्यावर संध्याकाळी चक्कर मारा. आपले दालदी बंधू होडीच्या सावलीत बसून फाटलेले जाळे सांधत असतात. हातात जाळे विणायची सुई, पायाच्या अंगठ्यात अडकवलेला धागा, आणि गाठी इतक्या सारख्या की मापून घ्याव्यात. त्यांना कोणी बायकी काम करतात असे म्हणत नाही. दर्जीकाम करणारे आपले पुष्कळ लोक हजरत इद्रीस यांना या धंद्याचे मूळ पुरुष मानतात. उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान दर्जी तर स्वतःला इद्रीसी म्हणवतात. आणखी एक गोष्ट सांगतो. इजिप्तमध्ये सुमारे अकराव्या ते चौदाव्या शतकांतील विणलेले मोजे सापडले आहेत. सुयांवर विणलेल्या कापडाचे हे फार जुने नमुने समजले जातात. ते लोकरीचे नाहीत, सुताचे आहेत. निळ्या आणि पांढऱ्या दोऱ्याचे, काहींवर अरबी अक्षरांच्या वळणाची नक्षी. विणकाम म्हणजे थंड मुलखातील मडमांचे काम, ही समजूत आपण सोडून द्यावी.

शिक्षणाच्या दृष्टीने पाहिले तरी हा विषय परका नाही. १९३७ साली ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि तिने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद डॉ. झाकीर हुसेन यांच्याकडे आले. पुढे १९६७ मध्ये राष्ट्रपती झालेले तेच हे. मुलाचे शिक्षण एखाद्या हस्तोद्योगाभोवती उभे करावे, ही त्या योजनेची कल्पना. समितीने सूतकताई-विणाईचा अभ्यासक्रमही तपशीलवार मांडला. ती योजना मागे पडली, त्याची कारणे अनेक आहेत, त्यात आज शिरत नाही. पण हाताने काम करताना डोके चालते, हे त्यांनी पाहिलेले खोटे नव्हते.

आता मुद्द्यावर येतो. ईद जवळ आली की घरोघर खरेदीची यादी निघते. कपडे, चपला, सुकामेवा, आणि नातेवाइकांना द्यायच्या भेटी. आखातातून ज्यांना पैसे येतात त्यांचे एक वेळ भागते. ज्यांना येत नाहीत ते उसनवारी करतात आणि ईदनंतर दोन-तीन महिने फेडत बसतात. माझे म्हणणे एवढेच की या यादीतील चार-पाच वस्तू तरी घरात होऊ शकतात.

पहिली वस्तू जुजदान. कुराणशरीफ ठेवण्याची ही कापडी पिशवी बाजारात चकचकीत मिळते, पण ते कापड लवकर उसवते. घरी शिवताना आधी प्रतीचे माप घ्यावे. समजा प्रत ९ इंच उंच, ६ इंच रुंद आणि २ इंच जाड आहे. कापडाची रुंदी ९ अधिक २, आणि दोन्ही बाजूंच्या शिलाईसाठी १, म्हणजे १२ इंच. लांबी काढायला रुंदी आणि जाडी यांची बेरीज दुप्पट करावी, म्हणजे १६. झाकणासाठी ३ आणि दुमडीसाठी १. एकूण २० इंच. प्रत सहज आत-बाहेर व्हावी म्हणून बोटभर सैल ठेवावे. सुती कापड नवे असेल तर कापण्याआधी पाण्यातून काढून वाळवावे. नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते. दोन्ही आखूड कडा दुमडून तुरपाई करावी, सुलट बाजू आत ठेवून ८ इंच वर दुमडावे, दोन्ही बाजूंनी टीप मारावी आणि पिशवी उलटवून झाकणाच्या कडा तुरपाव्यात. यंत्र नसेल तर हाताची उलटटीपही तितकीच टिकते, फक्त टाके बारीक हवेत.

ईदीचा बटवा याहून सोपा. मुलांना ईदी मिळते आणि संध्याकाळपर्यंत निम्मी हरवते, हा सर्वांचा अनुभव. विताएवढे कापड, वर नेफा, त्यात नाडी. तिसरी-चौथीतील मूलही हा धावदोऱ्याने शिवू शकते, आणि मुलगा असला तरी शिवू शकतो.

टोपीवर मात्र मी जरा रेंगाळणार आहे. आपल्या दमट हवेत लोकरीचा उपयोग तो केवढा! पावसाळ्यात तान्ह्या बाळाला एक टोपडे झाले की संपले. पण पांढऱ्या सुती दोऱ्याची क्रोशाची टोपी बारमाही चालते. ती करताना वरची चकती आधी विणतात. साखळीची लहान रिंग करून पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६, चौथीत ४८. दर फेरीला बारानेच का वाढवायचे, हे मी विणणाऱ्या पुष्कळ भगिनींना विचारले. उत्तर एकच मिळाले, "वाढवले नाही तर वाटी होते, जास्त वाढवले तर झालर होते." उत्तर अगदी बरोबर आहे. पण त्याचे कारण नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी सांगायला हवे. मी काही गणिताचा शिक्षक नाही, तरी सांगतो. खांबाची उंची त्याच्या रुंदीच्या साधारण दुप्पट असते. म्हणजे दर फेरीला चकतीची त्रिज्या दोन खांबांच्या रुंदीएवढी वाढली. परीघ किती वाढला? २ गुणिले २२ भागिले ७ गुणिले २, म्हणजे साडेबाराच्या आसपास. म्हणून बारा! ज्या आजीने शाळेचे तोंड पाहिले नाही, तिच्या बोटांनी हे गणित सोडवून ठेवले आहे.

चकती किती मोठी करायची, हेही याच गणिताने निघते. डोक्याचा घेर २२ इंच असेल तर व्यास ७ इंच. दोरा ताणतो म्हणून अर्धा इंच कमी धरावा. मग वाढवणे थांबवून सरळ फेऱ्या घातल्या की भिंत आपोआप खाली वळते. तीन इंचांची भिंत पुरते.

सजावटीविषयी फार सांगत नाही, कारण मुलांना ते आपोआप येते. एवढे लक्षात ठेवा की आपली ईद चांद्रवर्षाने चालते आणि दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येते. २०१६ साली ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात आली होती, म्हणजे आपल्याकडे ऐन पावसात. कागदी पताका आणि कणकेची खळ यांचे अशा वेळी काय होते ते सांगायला नको. त्यापेक्षा दर्ज्याकडून कातरण मागून आणावे, त्याचे त्रिकोण कापून वरची कड दोरीवर शिवून घ्यावी. रंग विटला तरी पताका चार-सहा वर्षे वापरता येतात, आणि शेजाऱ्यांना दिवाळीत लागल्या तर त्यांनाही देता येतात.

कातरणावरून आठवले. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची जी गोधडी करतात तिला कवंदी म्हणतात. सिद्दी म्हटले की आपल्याला जंजिरा आठवतो. हे लोकही मूळ आफ्रिकेतूनच आलेले, त्यांत मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती तिन्ही आहेत. आपल्याकडे जुन्या लुगड्यांचे थर अंथरून गोधडी घालतात. या स्त्रिया कडेपासून सुरुवात करून, तुकडे जोडत जोडत, धावदोऱ्याने मध्याकडे येतात. शेवटी चारही कोपऱ्यांना घडी घातलेल्या चिंधीचे फूल लावतात. ते लावल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे त्या मानत नाहीत. उपयोगाच्या दृष्टीने त्या फुलांचे काही काम नाही. तरी ती लागतातच, आणि मला ते फार आवडते.

इथपर्यंत सर्वांनी माना डोलावल्या. आता जे बोलणार आहे ते कदाचित काहींना आवडणार नाही.

२०२३ ते २०२५ या तीन वर्षांत रमजान मार्च-एप्रिलमध्ये आला, म्हणजे शाळेच्या परीक्षांच्या तोंडावर. त्यांपैकी एका वर्षी आठवीतील एक मुलगी शेवटचे दहा दिवस शाळेत आली नाही. हुशार मुलगी, अक्षर मोत्यासारखे. मी घरी गेलो. पडवीत ती आणि तिची आई टोप्यांच्या ढिगात बसल्या होत्या. व्यापाऱ्याकडून नगावर काम घेतलेले, ईदच्या आधी पोचवायचे. मुलीचे डोळे लाल झालेले. वडील म्हणाले, "सर, रागावू नका. पोरीचा हात चांगला आहे. शिकून तरी शेवटी सुईच धरायची ना?"

मी म्हटले, "भाई, हात चांगला आहे म्हणूनच म्हणतो. ही टोपी व्यापारी केवढ्याला विकतो, ते तुम्हांला ठाऊक आहे का?"

त्यांना ठाऊक नव्हते. मुलीला होते. तिने पिशवीवरची किंमत वाचली होती, आणि आपल्याला मिळणाऱ्या पैशांशी तिची तुलना वहीच्या मागच्या पानावर करून ठेवली होती. ती वही तिने वडिलांपुढे धरली. ते बराच वेळ बोलले नाहीत.

पालकहो, मला गरिबीचा उपहास करायचा नाही. त्या घराला ईदच्या आधी पैसे हवे होते, ही गोष्ट खरी होती आणि माझ्या भाषणाने ती मिटणार नव्हती. पण घरची शिलाई आणि पोटाची शिलाई या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलगी आजोबांसाठी टोपी विणते तेव्हा ती चुकली तर उसवते, थांबली तर थांबते. नगावर विणते तेव्हा थांबता येत नाही. कायद्यानेही ही रेघ आखलेली आहे. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाने कुटुंबाच्या धोका नसलेल्या कामात हातभार लावायचा तो शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. शाळा बुडवून नव्हे. आणि ज्यांना खरोखर याच धंद्यात मुलीला पुढे आणायचे आहे, त्यांनी ध्यानात ठेवावे की औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील अभ्यासक्रमांना कुठे आठवी, कुठे दहावी उत्तीर्ण असावे लागते. सुई घरात शिकता येते. हिशेब, मापे, दुकानाचा परवाना, बँकेचे कर्ज यांसाठी शाळेतले शिक्षण कामी येते.

त्या घरी काय ठरले ते सांगतो. उरलेल्या टोप्या आईने आणि मोठ्या भावाने पुऱ्या केल्या. होय, भावाने, तो कॉलेजात जात होता आणि त्याला दोन दिवसांत साखळी आणि खांब जमले. पहिल्या चार टोप्या उसवाव्या लागल्या म्हणतात. मुलगी परीक्षेला बसली. पुढल्या वर्षी पुन्हा तोच प्रश्न येणार आहे, हे तिच्या वडिलांना आणि मला, दोघांनाही माहीत आहे.

म्हणून एक व्यवस्था केली आहे, ती सांगून आपली रजा घेतो. कार्यानुभवाच्या तासाला या वर्षीपासून पाचवी ते आठवीच्या मुलांना आणि मुलींना एकत्रच बटवा, जुजदान आणि क्रोशाची चकती शिकवली जाईल. शिक्षकखोलीबाहेर एक रिकामे पोते टांगले आहे. गावातील दर्जी बंधूंनी त्यात कातरण टाकावे. रेशमी वेगळे बांधून दिले तर बरे, कारण त्याचे दोरे सुटतात. क्रोशाच्या दहा सुया शाळेकडे आहेत, आणखी वीस लागतील. ज्या आजींना टोपी येते त्यांनी शनिवारी सकाळच्या सुट्टीनंतर तासभर यावे. खुर्ची आणि चहा यांची सोय मी स्वतः पाहीन.