अचला नावाची जमीन



आपल्याकडे पृथ्वीला ‘अचला’ असे एक नाव आहे. अचला म्हणजे न हलणारी. पण अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातल्या फ्रीमाँट शहराची जमीन सतत सरकत असते आणि तेथे राहणाऱ्यांना ते जाणवतही नाही. या शहरात अनेक मराठी कुटुंबेही आहेत.

फ्रीमाँटमधून भूकवचातील एक लांबच लांब भेग जाते. तिला हेवर्ड भ्रंश म्हणतात. तिच्या पश्चिमेची जमीन पूर्वेकडच्या जमिनीच्या मानाने वायव्येस सरकते. वेग किती? वर्षाला साधारण ५ मिलिमीटर! तुमची नखेही याहून भराभर वाढतात. पण ५० वर्षांत याचेच २५ सेंटिमीटर होतात. म्हणून भेगेवरच्या रस्त्यांच्या सरळ कडा वाकतात, डांबराला तिरप्या चिरा पडतात. नवखा पाहुणा गवंड्यालाच नावे ठेवील!

हे सरकणे मोजतात कसे? भेगेच्या एका बाजूस थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजणारी दुर्बीण, ठरलेल्या जागी ठेवतात. पलीकडची खूण आणि दूरची एक पक्की खूण यांमधला कोन मोजतात. काही महिन्यांनी पुन्हा तोच कोन मोजायचा. फरक पडला, की जमीन किती सरकली ते कळते. सान फ्रान्सिस्को राज्य विद्यापीठाने ही मोजणी १९७९ साली सुरू केली. काम कंटाळवाणे खरे, पण त्यातूनच एक नवल कळले. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी लोमा प्रिएटा येथे वेगळ्याच भेगेवर मोठा भूकंप झाला आणि दक्षिण फ्रीमाँटमधील सरकणे जवळजवळ थांबले! तेथला ताण त्या भूकंपाने हलका झाला होता. १९९६ साली जमीन सुमारे २ सेंटिमीटर सरकली आणि तिची चाल पुन्हा सुरू झाली.

तुम्ही विचाराल, जमीन अशी हळूहळू सरकते, तर मग भीती कसली? मित्रहो, खोलवरचे खडक एकमेकांत अडकलेले असतात. तेथे ताण साठत जातो. २१ ऑक्टोबर १८६८ रोजी तो एकाएकी सुटला. सुमारे ३० माणसे दगावली. आज फ्रीमाँटचाच भाग असलेल्या मिशन सान होजे गावातील कच्च्या विटांचे चर्च ढासळले. शास्त्रज्ञांनी याच शहरातील एका तळ्याकाठी चर खणले, तेव्हा गाळाच्या थरांत सुमारे १९०० वर्षांतील १२ मोठ्या भूकंपांच्या खुणा सापडल्या. म्हणजे सरासरी दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी एक. १८६८ नंतर दीडशेहून अधिक वर्षे लोटली आहेत.

सरासरीवरून भूकंपाची तारीख सांगता येत नाही. म्हणून तेथील लोक आपली लाकडी घरे पायाला बोल्टांनी जखडून घेतात. पाणी तापवण्याची टाकीसुद्धा धातूच्या पट्ट्यांनी भिंतीला बांधलेली असते. त्या राज्यात तसा कायदाच आहे.